खाडा मांडा, उधारी नको

प्रश्न विचारणाऱ्यांनी सविस्तर लिहिलंय, तरी बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. वय ३४, हिंजवडीत आयटीची नोकरी, घर कोथरूडला, पहिलीच कादंबरी. पहाटे साडेचारला उठून रोज ७५० शब्द लिहायचे ठरवले. अकरा आठवड्यांत ४१,००० शब्द झाले. त्यानंतर गेले पाच आठवडे एक ओळ नाही. लॅपटॉपवर ती फाइल नुसती दिसली तरी छातीत धडधडतं. त्यांचं विचारणं असं: 'माझ्यात शिस्तच नाही का? पुन्हा पहाटे उठायला लागू, की हे आपलं काम नव्हे म्हणून सोडून देऊ?'

दोन्ही नको. का ते सांगते. मी चार कादंबऱ्या लिहिल्या, चारही नोकरी आणि घर सांभाळून. नोकरी एका पतसंस्थेत, हिशेब खात्यात. त्यामुळे पुढे आकडेमोड जरा जास्त होईल, तेवढं चालवून घ्या.

तुमचं दुखणं मला लिखाणात कमी दिसतं आणि तुम्ही ज्या एक्सेल शीटचं एवढं वर्णन केलंय तिच्यात जास्त. चार रकाने: तारीख, उद्दिष्ट, झालेले शब्द, बाकी. लिहिणं झालं नाही की त्या दिवसाचे ७५० 'बाकी'त जातात आणि रकाना लाल होतो. आता ७७ दिवस गुणिले ७५० म्हणजे ५७,७५०. झाले ४१,०००. म्हणजे अकराव्या आठवड्याच्या शेवटी शीट म्हणत होती, तुम्ही १६,७५० शब्द देणं लागता. पुढचे ३५ दिवस ती तशीच चालू असेल तर आणखी २६,२५० चढले. आजची बाकी ४३,०००. लिहिलेल्या कादंबरीपेक्षा न लिहिलेली मोठी झाली की हो! पतसंस्थेत अशी खाती मी पुष्कळ पाहिली. खिशात पैसे असूनही माणूस हप्ता भरायचा थांबतो, कारण कितीही भरलं तरी आकडा उतरत नाही हे त्याला कळून चुकलेलं असतं. मग तो संस्थेच्या रस्त्यानंसुद्धा जात नाही. तुमचं फाइल न उघडणं त्यातलंच.

आता तोच आकडा दुसऱ्या बाजूनं बघा. ४१,००० भागिले ७७, रोजचे ५३२. कोथरूड-हिंजवडी जाऊन-येऊन, अकरा आठवडे, रोज पाचशेवर शब्द. मला पहिल्या कादंबरीच्या वेळी हे जमलं असतं तर मी बिल्डिंगमध्ये पेढे वाटले असते. शीटनं तुम्हाला यातलं काहीच सांगितलं नाही, कारण ते सांगायला तिच्यात रकानाच नाही.

आमच्या घरी दुधाचा हिशेब स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर असतो. रोज एक लिटर. जास्त घेतलं तर आकडा, नाही घेतलं तर खाडा. तिसऱ्या कादंबरीपासून त्याच चौकोनात, दुधाच्या खाली, मी त्या दिवशीचे शब्द पेन्सिलनं लिहायला लागले, आणि लिहिणं झालं नाही तर तिथंही खाडा. खाड्याची गंमत अशी की तो मांडला की विषय संपला. काल खाडा होता म्हणून दूधवाला आज दोन लिटर घालत नाही. घातलं तरी ते नासेल. महिनाअखेर खाडे मोजायचे ते फक्त आपल्याला कळावं म्हणून: या महिन्यात अकरा झाले, बरोबर, पुतणीचं लग्न होतं. तेव्हा मोजू नका असं मी म्हणत नाही. जरूर मोजा. फक्त खाडा मांडा, उधारी मांडू नका.

हे शहाणपण मला उपजत नव्हतं. दुसऱ्या कादंबरीच्या वेळी एका प्रकाशकांनी मे महिन्यात सांगितलं, ऑगस्टअखेर हस्तलिखित द्या, डिसेंबरात पुस्तक काढू. (नाव नको. चूक त्यांची एकट्याची नव्हतीच, हो मी म्हटलं.) मी रोज पंधराशे शब्दांचा धडाका लावला. जूनभर जमलं, आणि जमलं हाच घात झाला. लिहून उठताना डोकं पिळून वाळत घातलेल्या फडक्यासारखं व्हायचं, आणि मला त्याचाच अभिमान, की आज सगळं दिलं. दुसऱ्या दिवशी बसले की पहिला तास नुसत्या जुळवाजुळवीत. तो तास भरून काढायला रात्री एक तास जास्त. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात उजवा खांदा असा आखडला की फणी केसांपर्यंत जाईना. लिखाण थांबलं ते थांबलं, मला वाचताही येईना. पेपर हातात घेतला की तीच बातमी तीनतीनदा.

ऑगस्ट गेला, डिसेंबरही गेला. सात महिन्यांनी बाड काढून वाचलं, तेव्हा जुलैतली जवळजवळ सगळी पानं, एकशेतीसच्या आसपास, टाकावी लागली. माणसं नुसती बोलत होती. खोलीत खुर्ची नाही, खिडकी नाही, कुणाला भूक लागत नाही, कुणी चहा ठेवत नाही. दमलेला लेखक संवाद लिहीत सुटतो, कारण संवादानं पानं भराभर भरतात. तुमची शेवटची तीस पानं काढून बघा, बहुधा हेच दिसेल.

तेव्हापासून माझा नियम उलटा आहे. कमीत कमी किती लिहायचं हे मी ठरवतच नाही. जास्तीत जास्त किती, ते ठरवते. माझे सहाशे. मी फुलस्केपवर हातानं लिहिते, पानाला साधारण दोनशे शब्द बसतात, म्हणून तीन पानं. तिसरं पान संपलं की वाक्य अर्धं असलं तरी पेन खाली. पहिले पंधरा दिवस फार जड गेले. रंगात आलेलं असताना उठायचं म्हणजे जिलबीचं ताट समोरून येताना दिसत असताना पंगतीतून उठण्यासारखं. पण उठलं की ते अर्धं वाक्य दिवसभर मागे लागतं, भाजी चिरताना, व्हाउचर तपासताना. आणि दुसऱ्या दिवशी जुळवाजुळवीचा तो तास लागत नाही.

उठायच्या आधी दोन ओळींची चिठ्ठी लिहून ठेवते. तिसऱ्या कादंबरीतली एक अजून वहीत आहे: 'उद्या: वहिनी कुलूप लावून निघते. किल्ली कुणाकडे? शेजारी नको. पाऊस अजून सुरू करायचा नाही.' पाऊस खरं तर आदल्या दिवशीच येऊ घातला होता, मी तो अडवून धरला होता. दुसऱ्या दिवशी किल्लीचं काही केल्या सुचेना, पण पाऊस हाताशी होता, तो सोडला आणि वहिनी आडोशाला जिथं थांबली तिथंच किल्लीचं उत्तर सापडलं. तुमच्या ७५० च्या हट्टात तुमचा पाऊस रोजच्या रोज पडून जात होता.

आता हा ७५० आकडा. तुम्ही लिहिलंय की महिनाभरात कादंबरी लिहायच्या त्या अमेरिकी उपक्रमावरून, नॅनोरायमोवरून, तो काढला. १९९९ साली सुरू झालेला आणि चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद पडलेला तो खेळ असा: नोव्हेंबरच्या ३० दिवसांत ५०,००० शब्द, म्हणजे रोज १,६६७. तुमचं म्हणणं, 'मी तर निम्म्याहूनही कमी धरले होते.' पण तो खेळ एका महिन्याचा होता. दम लागला तरी एक डिसेंबर समोर दिसत असायचा. तुम्ही अकरा आठवडे पळालात आणि पुढे रेघ कुठेच आखलेली नव्हती.

दुसरी गोष्ट मराठीत लिहिणाऱ्यांशी फारसं कुणी बोलत नाही, म्हणून जरा लांबवते. इंग्रजी शब्द आणि मराठी शब्द यांचं वजन सारखं नसतं. 'शेजारच्यांनासुद्धा' हा आपल्याकडे एक शब्द मोजला जातो. तेच म्हणायला इंग्रजीला चार-पाच शब्द खर्चावे लागतात. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात, 'वर', 'खाली', 'पर्यंत', 'साठी' हीसुद्धा चिकटतात, आणि 'अ', 'द' सारखी चिल्लर आपल्याकडे नाहीच. म्हणजे इंग्रजी पुस्तकातून किंवा व्हिडिओतून उचललेलं रोजचं उद्दिष्ट मराठीत जसंच्या तसं लावलं, की तेवढ्याच आकड्यात जास्त गोष्ट, जास्त विचार भरावा लागतो. आपण मात्र समजतो की आपणच हळू. शब्द मोजायचेच असतील तर आपले आपल्याशी मोजा.

तुम्ही एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज कादंबरीकाराचा, अँथनी ट्रोलोपचाही दाखला दिलाय: टपाल खात्यातली नोकरी, पहाटे साडेपाचला टेबलाशी, घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द. खरं आहे, त्याच्या १८८३ साली छापलेल्या आत्मचरित्रात आहे. पण त्यातलं बाकीचं लोक गाळतात. रोज लिहायला ठेवलेल्या तीन तासांतला पहिला अर्धा तास तो कालचं लिहिलेलं वाचण्यात घालवायचा. हिशेब ठेवायचा तो आठवड्याच्या पानांचा: सरासरी चाळीस, पण कधी वीसवर यायचा, तर कधी एकशेबारावर जायचा. आणि त्याला वेळेवर उठवून कॉफी आणून द्यायला एक गडी होता, त्या कामाचे वर्षाला पाच पौंड जास्त घेणारा. तुमच्याकडे साडेचारला कॉफी कोण करतं? मी विचारते एवढ्यासाठी, की आमच्याकडे ती मीच करायचे आणि मग आलेच आहे स्वयंपाकघरात तर कणीकही भिजवून ठेवायचे.

इतक्या लांबचं कशाला, हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये पुण्यातूनच 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात आपल्या कादंबऱ्या हप्त्याहप्त्यानं लिहिल्या. तिथंही नेम आठवड्याचा. त्यांच्यासुद्धा काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, हे सांगितलं की मला नेहमी बरं वाटतं.

हे सगळं ज्याच्या त्याच्या परिस्थितीवर आहे, हे मान्य. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ रजा काढून कोकणात जातात, वीस दिवस दाढी न करता लिहितात आणि मग दोन वर्षं पेनाला हात लावत नाहीत. त्यांना माझे सहाशे शब्द सांगितले तर ते हसतील, आणि त्यांचं बरोबरच आहे. घरात तान्हं मूल असेल, कुणाचं आजारपण असेल, तर गणित आणखी वेगळं. माझी चौथी कादंबरी दोन वर्षांवर गेली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. कमाल मर्यादा तीच होती, खाडे मात्र इतके की कॅलेंडरचं पान उलटताना लाज वाटायची. तरी झाली.

विश्रांतीबद्दल एक. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्यात दोन मुक्काम करते. मग दिवे घाट चढून सासवडला जाते, आणि तिथं पुन्हा दोन मुक्काम. चढाच्या आधी विसावा, चढ संपल्यावर विसावा. आणि हे काही वारकरी दमलेले दिसले म्हणून त्या दिवशी ठरत नाही, वेळापत्रकात आधीच छापलेलं असतं. तुमची कादंबरी ७५,००० च्या घरात जाईल असा तुमचा अंदाज आहे, म्हणजे ४१,००० वर तुम्ही बरोबर घाटात आहात. सुरुवातीची हौस फिटलेली, शेवट दिसत नाही. माझी चारही वेळा गाडी तिथंच गरम झाली. म्हणून सात-आठ आठवड्यांनी एक आठवडा कोरा, तारखा घालून आधीच ठरवलेला. माझा त्यातला एक गणपतीत असतो. घर लक्ष्मी रोडपासून हाकेच्या अंतरावर, ढोल-ताशांत वाक्य सुचलं असतं तरी ऐकू आलं नसतं.

एक शंका मात्र तपासून घ्या: दमलाय कोण, तुम्ही की गोष्ट? मी एक चाचणी करते. कादंबरी सोडून दुसरं काही मजेनं लिहिता येतंय का? मैत्रिणीला लांबलचक मेसेज, गावाकडच्या घराबद्दल एखादं पान? ते झरझर येत असेल तर अडचण कादंबरीत आहे. कुठेतरी तुम्हालाच न पटलेलं काही पात्रांच्या गळ्यात मारलंय आणि हात पुढे लिहायला तयार नाही. दुसऱ्या कादंबरीत मी नायिकेला एक मोठं गुपित दिलं होतं, केवळ मध्यावर काहीतरी घडायला हवं म्हणून. ते काढलं आणि निम्मा थकवा गेला.

वाचणंही नकोसं होत असेल तर दमणूक तुमची. त्यातही बघा कुठली ते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची जी व्याख्या केली ती नोकरीतल्या ताणापुरतीच आहे: गळून जाणं, कामाबद्दल तुटलेपण, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. तुमच्या पत्रात दोन ओळी मला खटकल्या, 'रिलीज' पुढे गेल्यामुळे दोन महिने शनिवारीही ऑफिस होतं असं तुम्ही जाता जाता लिहून गेलात. जळालं असेल ऑफिसात आणि वास येतोय म्हणून आपण कादंबरीची फाइल हुंगत बसलोय, असंही असू शकतं. आणि झोप, भूक, लोकांशी बोलणं हे सगळंच बिघडलं असेल किंवा धडधड फाइल न उघडताही होत असेल, तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा, या आठवड्यात.

ते तसं नसेल तर मी तुमच्या जागी काय करीन? आणखी दोन आठवडे काही लिहिणार नाही, मात्र तारीख घालून. मग ४१,००० शब्दांच्या प्रिंट काढून झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल बाइंडिंग करून घेईन, म्हणजे लॅपटॉप उघडायचा प्रश्न नाही. रविवारी दुपारी, लिहायच्या टेबलापासून लांब बसून वाचीन. हातात पेन्सिल, पण दुरुस्ती करायची नाही. जिथं आवडलं तिथं फक्त समासात रेघ. पुन्हा सुरुवात हातानं, वहीत. रोज जास्तीत जास्त ४००, आठवड्याचे पाच दिवस. उरलेत ३४,०००. आठवड्याला दोन हजार धरले तर १७ आठवडे, आणि तीन दिवसांत एक खाडा धरला तर साडेपंचवीस. सहा महिने. पहिल्या कादंबरीला हे जास्त नाही.

साडेचारचा हट्ट सोडा. तुम्ही झोपता साडेअकराला, मग पाच तासांच्या झोपेवर कसली पहाट? रात्री जेवणानंतर अर्धा तास मिळत असेल तर चारशे शब्दांना तो पुरतो. कंपनीच्या बसमध्ये फोनवर टाइप करता ते बंद करा. चांदणी चौकातल्या ट्रॅफिकमध्ये खिडकीबाहेर बघा, अर्धं वाक्य डोक्यात असलं की ते तिथं आपोआप पुढे सरकतं. शिवाय मान वाचते. आणि दिवाळी अंकांसाठी दोन कथा कबूल केल्यात त्यातल्या एकीला आत्ताच नाही म्हणा, संपादकांना जूनमधला नकार ऑगस्टमधल्या नकारापेक्षा पुष्कळ सोसवतो.

राहिली ती शीट. पूर्ण काढून टाकवत नसेल तर निदान 'उद्दिष्ट' आणि 'बाकी' हे दोन रकाने काढा. तारीख आणि शब्द राहू द्या, नंतर बघायला मजा येते. माझी जुनी कॅलेंडरं मी टाकलेली नाहीत. तिसऱ्या कादंबरीच्या वर्षी १९ ऑगस्टच्या चौकोनात लिहिलंय: 'दूध दीड, ४१०, गॅस आला.' त्याच्या शेजारी २० ला दोन्हीकडे खाडा.